दोन कार्डं दिसली आणि सर्व्हर राउटर झाला

२००१ साली औरंगाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होतो. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. हुद्दा भारदस्त, पण त्यात डॉट मॅट्रिक्सच्या रिबिनी बदलण्यापासून यूपीएसच्या बॅटऱ्यांत पाणी घालण्यापर्यंत सगळं यायचं. कॉलेजकडे सन एंटरप्राइज २५० हा सर्व्हर होता, त्यावर सोलारिस ७, सनचीच युनिक्स. कॉम्प्युटर विभागाच्या लॅबमध्ये सनचीच काही अल्ट्रा ५ वर्कस्टेशन्स आणि बाकी सगळे विंडोज ९८ चे पीसी. इंटरनेटला ६४ केबीपीएसची लीज लाइन. तिच्या तोंडाशी रेड हॅट लिनक्स ६.२ टाकलेला एक असेंबल्ड पीसी गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, म्हणून बसवलेला, आणि त्याच्यावरच स्क्विड प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरसाठी पानं आणून साठवणारा मध्यस्थ.

त्या वर्षी परीक्षा विभागाचं काम सर्व्हरवर आणायचं ठरलं. टर्मवर्कचे गुण, परीक्षेचे फॉर्म, हॉलतिकिटं. डेटाबेस सर्व्हरवर होताच, पण परीक्षा विभागाचे पीसी विद्यार्थ्यांच्या लॅबला जोडायला प्राचार्यांची सक्त मनाई होती, आणि ती योग्यच होती. मग असं ठरलं की सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड बसवायचं. एका कार्डावर लॅबचं नेटवर्क, १९२.१६८.१.०, दुसऱ्यावर परीक्षा विभागाचं, १९२.१६८.२.०. सर्व्हर दोन्हीकडून दिसेल, पण इकडचं तिकडे जाणार नाही.

पुरवठादाराचा माणूस पुण्याहून आला. त्याने कार्ड बसवलं, परीक्षा विभागाच्या पीसींना सर्व्हरवरूनच डीएचसीपीने पत्ते मिळतील अशी सोय केली आणि त्यात गेटवेची जागा मुद्दाम रिकामी ठेवली. गेटवे नाही म्हणजे त्या पीसींना आपल्या नेटवर्कबाहेर पडायला वाटच नाही. सर्व्हरला स्वतःला बाहेर जाता यावं म्हणून डिफॉल्ट रूटची, म्हणजे ओळखीचं नसलेलं सगळं कुणाकडे द्यायचं ते सांगणारी, एक ओळ त्याने आपल्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाकली आणि संध्याकाळच्या बसने परत गेला. कागदावर आराखडा चोख होता. डेटाबेसही व्यवस्थित चालला. पुढे कित्येक आठवडे कुणाची काही तक्रार नाही.

मग एके दिवशी स्क्विडची डिस्क भरली आणि लॅबचं इंटरनेट बसलं. पोरांचा गलका चाललेला, मी कॅशे रिकामा करत बसलेलो, तेवढ्यात परीक्षा विभागाचे हेडक्लार्क दारात आले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, अंबडकडचे.

"सर, तुमच्याकडं बंद पडलंय म्हणं? आमच्याकडं तर चालू हाय की."

मला वाटलं डेटाबेसबद्दल बोलतायत. "काय चालू आहे, अण्णा?"

"रेडिफ."

मी कॅशे तसाच सोडून त्यांच्यामागे निघालो. परीक्षा विभागात खरंच एका पीसीवर रेडिफ या वेबसाइटचं पान उघडलेलं होतं, अर्ध्या चित्रांसकट. अण्णांच्या मते त्यात विशेष काही नव्हतं. नवीन कार्ड बसलं तेव्हापासून येत होतं, त्यांना वाटलं कॉलेजनेच दिलंय.

जिथे वाटच ठेवलेली नाही तिथून पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, जातंय, याचा अर्थ वाट कुणीतरी दाखवली. डॉस खिडकी उघडून रूट प्रिंट केलं. वाटांच्या तक्त्यात ०.०.०.० ची, म्हणजे डिफॉल्टची, ओळ होती आणि तिच्यापुढे सर्व्हरचा परीक्षा विभागाकडचा पत्ता, १९२.१६८.२.५. डीएचसीपीने तर गेटवे दिलेलाच नव्हता. वाटेतले टप्पे दाखवणारं ट्रेसआरटी केल्यावर पहिला टप्पा सर्व्हर, दुसरा आमचा लिनक्स गेटवे, आणि पुढे सरळ बाहेर. म्हणजे सर्व्हर दोन्ही नेटवर्कांमध्ये पॅकेटं इकडून तिकडे करत होता. नावावरून पत्ता शोधायचा प्रश्न नव्हताच, कारण त्या पीसींना डीएनएस म्हणून सर्व्हरच दिलेला होता. आणि गेटवेवर मास्करेडचा नियम कुणीतरी सढळ हाताने लिहिलेला, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांना बाहेर सोडणारा. लॅबचे ब्राउझर प्रॉक्सीतून जात असल्यामुळे स्क्विडबरोबर अडकले. अण्णांच्या ब्राउझरला प्रॉक्सी माहीतच नव्हता, तो थेट निघून गेला.

इथपर्यंत पॅकेट जातं कसं याचा अंदाज आला होता. पण उत्तर परत येतं कसं? गेटवे १.० च्या नेटवर्कवर बसलेला. २.० नावाचं काही नेटवर्क आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. अशा अनोळखी पत्त्याचं उत्तर त्याने आपल्या डिफॉल्टने लीज लाइनकडे ढकलायला हवं होतं, म्हणजे ते कायमचं गेलं. नेटवर्कच्या दुखण्यात लोक बहुतेक जाण्याचीच वाट शोधत बसतात. येण्याची वाट वेगळी असते आणि ती वेगळी तपासावी लागते, हे मी पुढे हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्याच आठवड्यात सांगायचो.

गेटवेवर रूटचा तक्ता काढला, तर त्यात ओळ हजर: १९२.१६८.२.० ला जायचं असेल तर १९२.१६८.१.५ कडे द्या. तो सर्व्हरचा लॅबकडचा पत्ता. ही ओळ कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेली नव्हती. मात्र गेटवेवर राउटेड नावाचा, वाटांची देवाणघेवाण करणारा प्रोग्रॅम चालू होता, हायफन क्यू लावून, म्हणजे स्वतः काही न बोलता फक्त ऐकणारा. तो कुणाचं ऐकतोय हे बघायला येणारीजाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडंप लावला, यूडीपी पोर्ट ५२० वर. अर्ध्या मिनिटाच्या आत एक ओळ उमटली. १९२.१६८.१.५ वरून १९२.१६८.१.२५५ ला, म्हणजे लॅबच्या नेटवर्कवर असेल नसेल त्या सगळ्यांना, आरआयपीचा निरोप: १९२.१६८.२.०, कंसात १. आणखी तीस सेकंदांनी तीच ओळ. पुन्हा तीस सेकंदांनी तीच.

आरआयपी हा राउटिंगचा फार जुना प्रोटोकॉल. बर्कलेच्या युनिक्समध्ये राउटेड १९८३ च्या ४.२ बीएसडीबरोबर आला आणि त्याचे नियम रीतसर कागदावर यायला १९८८ चा आरएफसी १०५८ उजाडला. काम अगदी साधं. दर तीस सेकंदांनी राउटर दवंडी पिटतो की अमुक नेटवर्क माझ्यामार्फत इतक्या टप्प्यांवर आहे. पंधरा टप्प्यांपर्यंत चालतं, सोळा म्हणजे पोचता येत नाही. ऐकणारा ते आपल्या तक्त्यात मांडून ठेवतो आणि तीन मिनिटं पुन्हा ऐकू आलं नाही तर शिळं धरतो. पहिल्या आवृत्तीत सबनेट मास्क नाही, पासवर्ड नाही, सही नाही. जो ओरडेल तो खरा. आमचे दोन्ही पत्ते क वर्गाच्या आखीव मापात बसणारे होते, त्यामुळे मास्क नसल्याची अडचणसुद्धा कुठे आडवी आली नाही. सगळं इतकं सुरळीत जमून आलं होतं की राग कुणावर काढावा हे कळेना.

हे मी एचओडींना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "परीक्षावाले लॅबमध्ये येऊ शकतात, तर लॅबवाले तिकडे जाऊ शकतात का?" लॅबच्या एका विंडोज ९८ वर बसून परीक्षा विभागाच्या पीसीचा पत्ता दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन टाइप केला. टर्मवर्क नावाचं शेअर्ड फोल्डर उघडलं. पासवर्ड नव्हता. लॅबच्या पीसींचा गेटवे म्हणजे आमचा लिनक्स, आणि लिनक्सला २.० ची वाट आरआयपीने शिकवलेली. एचओडींनी खुर्ची मागे सरकवली आणि दार लावून घेतलं.

त्याच दिवशी परीक्षा विभागाच्या स्विचची लॅबकडची केबल उपटावी असा विचार कुणाच्याही मनात येईल. पण तशी केबल नव्हतीच. दोन्ही नेटवर्कं फक्त सर्व्हरच्या पोटात एकत्र येत होती, आणि परीक्षा फॉर्मची मुदत चालू असल्यामुळे सर्व्हर बंद करायची सोय नव्हती. शेअर्ड फोल्डरला पासवर्ड घालून घेतला आणि मग कॉलेज सुटल्यावर सर्व्हरच्या कन्सोलवर बसलो.

चालू प्रोग्रॅमची यादी देणारी पीएस कमांड दिल्यावर इन डॉट राउटेड दिसला, हायफन एस लावून. एस म्हणजे पुरवा, सगळ्यांना रूट वाटत राहा. हा कुणी चालू केला? पुरवठादाराच्या माणसाला पुण्याला फोन लावला. त्याने राउटेडचं नावसुद्धा घेतलेलं नव्हतं, आणि तो खरं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं. त्याच्या स्क्रिप्टमध्ये डिफॉल्ट रूटच्या ओळीशिवाय काहीच नव्हतं.

आधी परिणाम बघायचा, कारण नंतर. अण्णांना थांबवून घेतलं होतं. त्यांच्या पीसीवर गेटवेला सतत पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक, लावून दिला आणि म्हटलं, ओळ बदलली की इंटरकॉमवर सांगा. मी राउटेडला किल हायफन नऊ दिला. नऊने मारलं की त्याला निरोपाचं शेवटचं पॅकेट पाठवायचीसुद्धा संधी मिळत नाही, त्यामुळे गेटवेवरची ओळ लगेच गेली नाही, आपली मुदत संपेपर्यंत तशीच राहिली. टीसीपीडंप गप्प. पाच मिनिटांच्या आत इंटरकॉम वाजला. "सर, रिक्वेस्ट टाइम्ड आउट यायलं." गेटवेचा तक्ता बघितला, २.० ची ओळ गायब.

इथे थांबलो असतो तर अर्धंच काम झालं असतं. गेटवेला वाट कुठून कळली ते समजलं, पण अण्णांच्या पीसीला कुणी सांगितलं ते कोडं तसंच होतं. विंडोज ९८ आरआयपी ऐकत नाही. पडताळा म्हणून लॅबमधल्या एका अल्ट्रा ५ वरून परीक्षा विभागाला पिंग केलं, आणि उत्तर आलं! राउटेड मेलेला, गेटवे २.० विसरलेला, आणि हे वर्कस्टेशन मजेत पोचतंय. नेटस्टॅटमध्ये त्याचा डिफॉल्ट बघितला तर तो गेटवेकडे नव्हता, सर्व्हरकडे होता.

आणि मग एका जुन्या गोष्टीचा उलगडा झाला. या अल्ट्रा ५ वरून कुणी एफटीपीने बाहेरून फाइल आणली की त्याच्या तक्त्यात प्रत्येक बाहेरच्या पत्त्यासाठी वेगळी ओळ तयार व्हायची, आणि फ्लॅगच्या रकान्यात यूजीएचडी अशी अक्षरं. शेवटचं डी म्हणजे रीडायरेक्टमुळे तयार झालेला रूट. बाहेरचं पॅकेट आधी सर्व्हरकडे जायचं, सर्व्हर ते गेटवेकडे द्यायचा आणि वर्कस्टेशनला कळवायचा की बाबा, याच्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही, तिकडे थेट जा. मग त्या एका पत्त्यापुरतं ते थेट जायचं. नवीन पत्ता, पुन्हा तोच खटाटोप. त्या ओळी मी कितीदा पाहिल्या होत्या. काम चालतंय म्हटल्यावर त्यांच्या वाटेला कोण जातो?

पीएसच्या यादीत राउटेडच्या शेजारीच दुसरा होता: इन डॉट आरडिस्क, हायफन आर. राउटर डिस्कव्हरी. हा आरआयपीचा भाऊ नाही, वेगळाच प्रकार आहे, १९९१ चा आरएफसी १२५६. आरआयपी अमुक नेटवर्क माझ्यामागे आहे असं सांगतो. हा मात्र एवढंच म्हणतो की मी राउटर आहे, मला डिफॉल्ट धरा. आयसीएमपीचं, म्हणजे नेटवर्कच्या अंतर्गत निरोपांच्या प्रोटोकॉलचं, नऊ नंबरचं पॅकेट, २२४.०.०.१ या सर्वांच्या मल्टिकास्ट पत्त्यावर. सोलारिसवर त्याचा अंतराल मुळात ६०० सेकंदांचा, आणि एकदा ऐकलेली जाहिरात अर्धा तास ग्राह्य. म्हणून तो टीसीपीडंपमध्ये माझ्या नजरेस पडला नव्हता. एक तर मी फक्त पोर्ट ५२० बघत होतो, आणि दुसरं म्हणजे तो दहा मिनिटांत एकदा बोलणारा.

सर्व्हरच्या दुसऱ्या कार्डावर स्नूप, म्हणजे सोलारिसचा टीसीपीडंप, लावला, फक्त आयसीएमपी. बराच वेळ काही नाही. मग अण्णांना पीसी रीस्टार्ट करायला सांगितलं. विंडोज ९८ सुरू होता होता त्या पीसीने २२४.०.०.२ ला विचारणा पाठवली, इथे कुणी राउटर आहे का? आणि लगेच सर्व्हरचं उत्तर, मी आहे. स्नूपच्या पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक. डीएचसीपीने पत्ता घेणारं विंडोज ९८ ही विचारणा आपणहून करतं आणि जे उत्तर येईल त्यावर विश्वास ठेवतं. यातून कुणीही खोटा राउटर बनून बसू शकतो, असा इशारा १९९९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लॉफ्ट नावाच्या हॅकर मंडळींनी दिला होता. आमच्याकडे कुणी चोर नव्हता, घरचाच सर्व्हर होता. आम्ही गेटवेची जागा रिकामी ठेवली, आणि त्या रिकाम्या जागेवर सर्व्हर जाऊन बसला.

तेव्हा सगळं चित्र जुळलं. जाण्याची वाट आरडिस्कने दाखवलेली, येण्याची राउटेडने, आणि मधे पॅकेट इकडून तिकडे देणारा सर्व्हरचा आयपी फॉरवर्डिंग चालू. तिघांपैकी एक जरी नसता तर अण्णांचं रेडिफ उघडलं नसतं.

आरडिस्कला मारलं, नेटवर्कची सेटिंग्ज बदलणाऱ्या एनडीडी कमांडने फॉरवर्डिंग शून्य केलं. पिंग बंद, फोल्डर बंद, सगळं बंद. हे तात्पुरतं आहे हे माहीत होतं; कायमचा इलाज रविवारी सर्व्हर रीबूट करून करायचा होता, म्हणजे फॉर्मवाल्यांना त्रास नको. पण रविवारची वाट मराठवाड्यातल्या विजेने बघितली नाही. शुक्रवारी लोडशेडिंगचा ठरलेला वेळ संपून वर तासभर गेला, जनरेटर घरघर करून बसला, यूपीएसने मान टाकली. दिवे आल्यावर सर्व्हर आपोआप उठला. मी धावत पोचलो तेव्हा डिस्कची तपासणी चालू होती, म्हणजे कन्सोलसमोर उभं राहून वाचायला भरपूर वेळ. एरवी हे सगळं कोण वाचतं? ओळी सरकत होत्या आणि त्यात एक ओळ आली, तीन-चार शब्दांची: मशीन इज अ राउटर.

कुणी सांगितलेलं नाही, विचारलेलं नाही, आणि सर्व्हर दर वेळी उठताना आपणहून जाहीर करत होता. स्नूप लावला, तीस सेकंदांची दवंडी परत सुरू. लॅब रिकामी होती तेव्हा स्विचकडे मुद्दाम बघत उभा राहिलो. सगळ्या पोर्टचे हिरवे दिवे एकदम लुकलुकायचे आणि पुन्हा शांत. घड्याळ लावून बघा, बरोबर अर्धं मिनिट.

आता कारण शोधणं सोपं होतं, ती ओळ छापणारी स्क्रिप्ट शोधायची. आरसीटू डॉट डी मधली एस ६९ आयनेट. नीट वाचली तर त्यात सगळा न्यायनिवाडा लिहिलेला. डिफॉल्ट राउटरची फाइल आहे का? नाही. नॉटराउटर नावाची फाइल आहे का? नाही. चालू इंटरफेस मोजा. लूपबॅक, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस, धरून दोनपेक्षा जास्त आहेत का? आहेत. मग हे मशीन राउटर आहे: फॉरवर्डिंग चालू करा, राउटेड एस लावून चालवा, आरडिस्क आर लावून चालवा. नाहीतर हे मशीन साधं होस्ट आहे: फॉरवर्डिंग बंद, आणि फक्त दुसऱ्याचं ऐका.

पुरवठादाराच्या माणसाने डिफॉल्ट रूट इटीसी डिरेक्टरीतल्या डिफॉल्टराउटर फाइलमध्ये न लिहिता आपल्या स्क्रिप्टमध्ये लिहिला, आणि ती स्क्रिप्ट चालायची सगळ्यात शेवटी. तोवर एस ६९ चा निवाडा होऊन गेलेला असायचा. पहिलं कार्ड एकटं होतं तोवर सर्व्हर गुपचूप होस्ट म्हणून राहिला. दुसरं कार्ड बसलं आणि मोजणी बदलली.

यात त्या स्क्रिप्टला वेडं म्हणता येत नाही. ऐंशीच्या दशकात विद्यापीठांमध्ये राउटर म्हणून वेगळा डबा विकत घेण्याची पद्धत रुळलेली नव्हती. दोन नेटवर्क जोडायची तर दोन कार्डांचं युनिक्स मशीन मधे ठेवायचं, तेच राउटर. त्या काळात दोन कार्डं म्हणजे राउटर ही समजूत बरोबर होती. आमच्यासारखं तोडण्यासाठी दोन कार्डं बसवणारं कुणी तेव्हा डोळ्यांसमोर नव्हतं. तरीही माझं मत आजही हेच आहे की दुसऱ्याच्या मशीनचा तक्ता बदलणारी कुठलीही गोष्ट आपोआप चालू होता कामा नये. स्वतःच्या मशीनवर काय वाटेल ते गृहीत धरा. शेजाऱ्याला वाट सांगायची असेल तर आधी मालकाला विचारा.

इलाज हास्यास्पद वाटावा इतका लहान. टच कमांड देऊन इटीसीमध्ये नॉटराउटर नावाची फाइल तयार केली. तिच्यात एक अक्षरही लिहायचं नसतं, तिचं असणं पुरतं. शेजारी डिफॉल्टराउटर फाइलमध्ये गेटवेचा पत्ता लिहिला आणि स्क्रिप्टमधली ती ओळ काढली. रविवारी रीबूट केलं, कन्सोलवर राउटरची ओळ आली नाही. एनडीडीला विचारलं, फॉरवर्डिंग शून्य. दोन्ही कार्डांवर स्नूप तासभर चालू ठेवला. पोर्ट ५२० वर काही नाही, नऊ नंबरचं आयसीएमपी नाही. विंडोज ९८ ची विचारणा येत होती, तिला उत्तर देणारं कुणी नव्हतं.

एक फट मात्र राहिली होती आणि ती फॉरवर्डिंग बंद करून बुजत नाही. लॅबमधल्या मशीनवर हाताने रूट घातला तर सर्व्हरचा परीक्षा विभागाकडचा पत्ता, म्हणजे २.५, लॅबच्या कार्डावरून अजूनही उत्तर देत होता. पॅकेट दुसऱ्या नेटवर्कमध्ये जात नाही, पण सर्व्हर आपल्या कुठल्याही पत्त्याला कुठल्याही कार्डावरून ओ देतो. परीक्षा विभागाचा डेटाबेस आम्ही मुद्दाम २.५ वरच ऐकायला ठेवलेला होता. त्यासाठी एनडीडीमध्ये आयपी स्ट्रिक्ट डेस्टिनेशन मल्टिहोमिंगची किंमत एक करावी लागते, आणि ती रीबूटनंतर टिकत नसल्यामुळे सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घालावी लागते. दोन कार्डांचा सर्व्हर वेगळेपणासाठी वापरणाऱ्या बहुतेकांच्या हे गावीही नसायचं.

बाकीची आवराआवर पटकन झाली. गेटवेवरचा राउटेड बंद केला. आतल्या बाजूला एकच नेटवर्क असलेल्या मशीनला कुणाचंही ऐकत बसायचं कारणच नव्हतं. मास्करेडचा नियम १.० पुरता केला. अल्ट्रा ५ वर डिफॉल्टराउटर फाइल ठेवली, त्याबरोबर त्या यूजीएचडीच्या ओळीही संपल्या. परीक्षा विभागाच्या पीसींच्या रजिस्ट्रीत परफॉर्म राउटर डिस्कव्हरी शून्य केलं, म्हणजे उद्या दुसरा कुणी हौशी राउटर उगवला तरी ते पीसी विचारायलाच जाणार नाहीत. अण्णा मात्र नाराज झाले. "काहून बंद केलं हो सर, गरिबाचं?" त्यांनी प्राचार्यांकडे रीतसर अर्ज टाकला, आणि काही महिन्यांनी त्यांच्या टेबलावर वेगळा पीसी, वेगळा मॉडेम आला, जो कुठल्याच नेटवर्कला जोडलेला नव्हता.

सोलारिसवर ही मोजणी पुढे बदलली. २००५ मध्ये आलेल्या सोलारिस १० पासून राउटअ‍ॅडम ही कमांड आली, फॉरवर्डिंग आणि राउटिंग वेगवेगळं चालू-बंद करायचं आणि सध्या काय चालू आहे ते एका तक्त्यात बघायचं. फ्रीबीएसडीचा राउटेडसुद्धा फॉरवर्डिंग चालू असेल आणि एकापेक्षा जास्त कार्डं असतील तरच आपणहून बोलतो, नाहीतर ऐकतो.

पण रोग संपलेला नाही, त्याने पत्ता बदललाय. मी कॉलेज सोडून लातूरला स्वतःचं काम सुरू केल्यावर तिथल्या एका क्लासच्या लॅबमध्ये सराव परीक्षेच्या वेळी निम्म्या पीसींवर पानं उघडायला फार वेळ लागायचा, निम्म्यांवर झटक्यात. पीसींवर २००२ ने सुरू होणारे आयपीव्ही६ पत्ते, म्हणजे नव्या पिढीचे लांबलचक पत्ते, दिसले, जे तिथे कुणीच दिलेले नव्हते. पॅकेटं दाखवणाऱ्या वायरशार्कला आयसीएमपीव्ही६ चा प्रकार १३४ तेवढा गाळून दाखवायला सांगितला: एका लॅपटॉपवरून राउटरची जाहिरात. त्यावरच्या विंडोजमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू राहिलेलं होतं, आयपीव्ही६ जुन्या आयपीव्ही४ मधून नेणारा सिक्स-टू-फोरचा बोगदा उभा होता, आणि लॅपटॉप सगळ्या लॅबचा राउटर होऊन बसला होता. हा प्रकार इतका सर्रास होता की २०११ मध्ये त्यावर आरएफसी ६१०४ हा स्वतंत्र कागद निघाला, आणि स्विचनेच अशी जाहिरात पोर्टवर अडवावी यासाठी लगेच पुढचा ६१०५. क्लासचे स्विच स्वस्तातले होते, त्यांना असली अडवणूक जमत नव्हती. वायरशार्कमधला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, लिहून घेऊन एकेक केबल काढत गेलो तेव्हा तो लॅपटॉप ऑफिसात सापडला, क्लासच्या सरांचा. शेअरिंग बंद केलं, विंडोजच्या नेटएसएच कमांडने त्या इंटरफेसची अ‍ॅडव्हर्टाइज डिसेबल्ड केली आणि वायरशार्क चालू ठेवून परीक्षेची पुढची बॅच आत सोडली.